तारणाच्या चौकटीबद्दल थोडं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती पंथांवर लेख आला होता, त्यातली चौकट वाचून हे लिहितेय. कॅथलिक लोक सत्कर्म करून तारण (म्हणजे पापातून सुटका आणि स्वर्ग) मिळवतात आणि प्रॉटेस्टंट नुसता विश्वास ठेवून, असं दोन ओळीत उरकलंय. माझी आई ठाण्यातल्या चरईची ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचा मूळचा मराठी ख्रिस्ती समाज), पक्की कॅथलिक, आणि बाबा नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनच्या मंडळीतले, आता सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). त्यामुळे हा वाद मला लहानपणापासून घरपोच आहे, आणि ती चौकट वाचून दोघांनीही कपाळाला हात लावला (दोघांचं एकमत झालं एवढाच काय तो फायदा).

स्वतःच्या पुण्याईवर स्वर्ग मिळतो असं कॅथलिक चर्च शिकवतच नाही. ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाले त्या मार्टिन लूथरच्या बंडानंतर भरलेल्या, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये या विषयावर ठराव केला, त्याचं पहिलंच कलम असं की कृपेशिवाय निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान (निर्दोष) ठरतो असं जो म्हणेल त्याचा धिक्कार असो. ‘फक्त विश्वासाने’ या लूथरच्या मुद्द्याला फटका आहे तो पुढे, नवव्या कलमात. म्हणजे सुरुवात देवाच्या कृपेने होते, हे दोघांनाही मान्य. भांडण त्याच्या पुढचं आहे.

प्रॉटेस्टंट विचारात सातबारा एका फटक्यात कोरा होतो, वर ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावावर चढतं, आणि हे सगळं विश्वास ठेवल्यावर, आपल्या लायकीचा काही संबंध नाही. कॅथलिक म्हणतात सातबारा कोरा होतो ते खरं, पण देव तिथे थांबत नाही, तो जमीनही आतून कसदार करतो, ते काम बाप्तिस्म्यापासून सुरू होतं आणि जन्मभर चालतं, त्यात माणसाने साथ द्यायची असते, आणि मोठं पाप जाणूनबुजून केलं तर कृपा गमावताही येते, मग कन्फेशनला जा, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करा. सत्कर्म येतात ती इथे, आणि तीही कृपेच्या जोरावरच.

म्हणून तर स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारी एक मुलगी आईला म्हणाली “आंटी तुमचं तारण झालंय का?” तर आई म्हणाली “ते मी कसं सांगू बाय, ते वरती ठरंल.” ती मुलगी बिचारी बघतच राहिली, तिला वाटलं हिला विश्वासच नाही. आईचं उत्तर मात्र अगदी ट्रेंटला धरून होतं. स्वतःच्या तारणाची शंभर टक्के खात्री कोणी देऊ नये, असं त्या ठरावात आहेच.

दुसरं, २ नोव्हेंबर, कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आई मेणबत्त्या आणि झेंडू घेऊन कबरस्तानात जाते, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि आई आजोबांसाठी प्रार्थना करते, कारण पर्गेटरीत (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेत) असलेल्यांना आपल्या प्रार्थनेची मदत होते. बाबा सोबत जातात, मेणबत्ती वाऱ्याने विझली तर तेच हाताचा आडोसा करून परत लावतात, पण सासऱ्यांसाठी प्रार्थना काही करत नाहीत. “ते देवाच्या हातात गेले, आता मी काय सांगणार?” १५१७ साली लूथरने ज्यावरून आवाज उठवला ती इंडल्जन्सेस (पापाच्या उरलेल्या शिक्षेतून चर्चने दिलेली सूट) याच पर्गेटरीशी जोडलेली. ती बंद झाली असं तुमच्या लेखात आहे, तेही चूक. बंद झाला तो पैशांचा बाजार. आजही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली आणि कन्फेशन, कम्युनियन वगैरे बाकीच्या अटी पाळल्या की त्यांच्यासाठी इंडल्जन्स मिळतं.

प्रॉटेस्टंट “नुसता विश्वास” वर बाबा इतके चिडले की चहा गार झाला. कर्म नकोत असं लूथरही म्हणत नाही, कर्म हे फळ आहे, विश्वास खरा असेल तर ते येणारच. नगरला मिशनने शाळा नि दवाखाने काढले ते काय स्वर्गाचं तिकीट म्हणून? आता लूथरने बायबलमधल्या याकोबाच्या पत्राला, जिथे माणूस फक्त विश्वासाने नव्हे तर कर्मांनीही नीतिमान ठरतो असं लिहिलंय, पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हटलं होतं हेही खरं, आणि आई ते दर वेळी बरोबर आठवून देते. शिवाय प्रॉटेस्टंट म्हणजे एकच गठ्ठा नाही. मिळालेलं तारण जात नाही असं कॅल्विनवाले, म्हणजे रिफॉर्म्ड पंथाचे, म्हणतात, मेथडिस्ट पंथाचे म्हणतात जाऊ शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते चौकटीत नाहीच. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला व्हॅटिकन आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन (लूथरच्या पंथाच्या चर्चेसची संघटना) यांनी एका जाहीरनाम्यावर एकत्र सही केली, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही, फक्त कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेस. सगळे आले असं नाही, अनेक इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट मंडळींना हे अजिबात पटलेलं नाही, आणि पर्गेटरी, इंडल्जन्सवर तर मतभेद आहे तसाच आहे.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा आणि छापण्याआधी तलावपाळीजवळच्या सेंट जॉनच्या एखाद्या फादरना आणि सीएनआयच्या एखाद्या पाळकांना फोन करा. दोघंही ठाण्यातच भेटतील, आणि दोघंही मराठीत बोलतील.

– एक वाचक, उथळसर, ठाणे