नाइट ड्युटी आणि तुझं बीपी

प्रिय सुनंदा,

पत्र मिळालं. सलग चार नाइट, शेवटच्या सकाळी हँडओव्हर उरकता उरकता वॉर्डातल्या मशीनवर घेतलेलं बीपी १४४/९२, आणि खाली एका ओळीत तुझा प्रश्न : गोळी सुरू करावी लागेल का? त्या एका आकड्यावरून काहीच ठरवू नकोस. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवतेस, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. आणि स्वतःचं मात्र रात्रभराच्या धावपळीनंतर, वर कॉफी पिऊन!

मॉर्निंगचा आठवडा लागला की घरी मोज. उठल्यावर तासाभरात आणि झोपण्याआधी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढ. ती १३५/८५ किंवा त्याहून वर निघाली तर डॉक्टरांना दाखवायचंच.

ते २४ तासांचं मशीन लावायला सांगतील. तिथे एक गोम आहे. बऱ्याच मशीनमध्ये 'रात्र' म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा असं आधीच भरलेलं असतं. नाइटवर असताना ते लावलंस तर तुझी पळापळ झोपेच्या खात्यात जाईल आणि खरी झोप जागेपणाच्या. मग रिपोर्ट म्हणणार, झोपेत बीपी उतरत नाही. निरोगी माणसाचं झोपेत १० ते २० टक्के उतरतं, आणि ते न उतरणं हृदयाला वाईट, म्हणून ही चूक साधी नव्हे. कधी झोपलीस, कधी उठलीस हे कागदावर लिही आणि त्याप्रमाणेच वेळा भरून घे. झोपेतली सरासरी १२०/७० च्या आत हवी.

तू लिहितेस की सकाळी आठला आडवी होतेस आणि दुपारी एकला टक्क जागी. अगं, त्यात तुझा दोष नाही. मेंदूतलं घड्याळ तुझी ड्युटी बघत नाही, उजेड बघतं. सकाळ झाली की ते शरीराचं तापमान चढवायला लागतं, आणि त्या चढावर लागलेली झोप लवकर तुटते. म्हणून ती एका दमात पुरी करण्याचा हट्ट सोड. सकाळी पाच तास आणि ड्युटीला निघण्याआधी दीड तास, असे दोन तुकडे चालतात. मात्र सकाळचा तुकडा रोज त्याच वेळी सुरू व्हायला हवा. घरी पोचल्यावर कपडे, भांडी, फोन यांत दोन तास घालवलेस की त्या दिवसाची झोप गेलीच म्हणून समज.

कॉफीचा हिशेब सोपा आहे : झोपेच्या सहा तास आधी शेवटचा कप. आठला झोपायचं तर रात्री दोननंतर नाही. पहाटे चारचा कप सगळ्यांचा लाडका, आणि सकाळची झोप तोच पोखरतो. त्याऐवजी कोणी जागेवर असेल तर २० मिनिटं डोळे मिट, गजर लावून. उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं औषधाचे डोस मोजायला घेऊ नकोस. डोकं जागं व्हायचं असतं. मुख्य जेवण ड्युटीआधी कर. मध्यरात्रीनंतर पोटभर खाल्लं तर साखर दिवसापेक्षा जास्त चढते. भूक लागलीच तर थोडंसंच खा.

रोस्टरवर तुझा थोडा तरी शब्द चालत असेल तर मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट असा पुढे सरकणारा क्रम माग. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. इव्हनिंग संपवून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग हा प्रकार तर टाळच. दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती युरोपात कायद्यानेच आहे, ती उगाच नाही. शेवटच्या नाइटनंतर दिवसभर झोपू नकोस. दोन-तीन तास झोप, मग ऊठ, उजेडात जा आणि रात्री लवकर पड.

दहा वर्षं नाइट केल्या म्हणजे हृदय गेलं, असं जे तुझ्या वॉर्डात बोलतात ते अर्धवट आहे. अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८९ हजार परिचारिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दहा किंवा जास्त वर्षं फिरत्या नाइट केलेल्यांत हृदयविकाराचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे मूळ धोक्याच्या १५ ते १८ टक्के, शंभरातल्या पंधरा जणींना नव्हे. आणि नाइट सोडल्यावर जसजशी वर्षं गेली तसतसा तो कमी होत गेलेला दिसला.

एक गोष्ट घरच्यांना विचार : तू मोठ्याने घोरतेस का, झोपेत श्वास मध्येच थांबतो का? हो म्हणाले तर आधी झोपेची तपासणी करून घे. तेच कारण असेल तर नुसत्या गोळीने बीपी हटता हटत नाही. आणि चालताना छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखला, तर 'नाइटचा थकवा' म्हणून सोडून देऊ नकोस. लगेच ईसीजी काढ, वॉर्डात आहेस तर तिथेच.

सात दिवसांचे आकडे लिहून पाठव. प्रत्येकापुढे किती वाजता झोपलीस, तेही.

तुझीच,
वैजू