तार तेवढीच, जमीन वेगळी

संपादक महोदय,

दहावीच्या मुलांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तोंडपाठ असते. पण १०० मीटर तारेचे कुंपण चौरस घातले तर जास्त जमीन मिळेल की गोल, असे विचारले की पुष्कळ जण म्हणतात, तार तेवढीच, म्हणजे जमीनही तेवढीच. तसे नाही! चौरसात ६२५ चौरस मीटर मिळतात, वर्तुळात सुमारे ७९६. शेततळ्यांच्या आपल्या नाशिक जिल्ह्यात तरी हा फरक मुलांना उमगायला हवा. उलट, चौरस जागेत बसेल तेवढे मोठे वर्तुळ आखले तर कोपऱ्यांत सुमारे २१.५ टक्के जागा उरते.

बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, चौरसाइतक्याच क्षेत्रफळाचे वर्तुळ काढण्याची रीत आहे. अर्धा कर्ण अर्ध्या बाजूपेक्षा जेवढा जास्त, त्याचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूत मिळवायचा, ती त्रिज्या. वर्तुळ जेमतेम १.७ टक्क्यांनी मोठे येते. दोरी आणि खुंटीच्या जोरावर एवढी अचूकता, हे मुलांना सांगायलाच हवे. पट्टी-कंपासने चौरसाच्या क्षेत्रफळाइतके तंतोतंत वर्तुळ काढणे अशक्य आहे, हे १८८२ मध्ये जर्मन गणितज्ञ लिंडेमान यांच्या सिद्धतेने ठरले.

देवळालीच्या शाळेत शिकवत असतानाच द. रा. कापरेकरांनी संख्यांवर संशोधन केले. त्यांच्या गावातल्या शाळांनी सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हाती दोरी आणि आलेख कागद द्यावा, आणि त्यांना त्या कागदावरचे चौकोन मोजू द्यावेत.

– एक पालक, नाशिक रोड