सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र : अर्जातला 'सामाजिक संदेश' हा रकाना काढा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी लालबागची. आमचा एक हौशी नाट्यसंच आहे. दिवसा सगळे नोकरीवर, रात्री तालीम. मागच्या महिन्यात सवलतीच्या दरात एका सभागृहाची तारीख मागायला गेलो, तर अर्जात रकाना होता : 'प्रयोगातून मिळणारा सामाजिक संदेश'. आमच्या नाटकात दोन म्हाताऱ्या बहिणी चाळीतली खोली रिकामी करताना आईची भांडी वाटून घेतात. एवढंच घडतं. मी रकाना कोरा ठेवला. अर्ज खिडकीवरूनच परत आला.

त्या खिडकीवरच्या माणसाला मी दोष देत नाही. हा प्रश्न त्याच्याहून फार जुना आहे. प्लेटोनं आपल्या आदर्श नगरात देवांची स्तोत्रं आणि सज्जनांची स्तुती एवढ्याच काव्याला जागा ठेवली, बाकी कवींना वेशीबाहेर काढलं. कलेनं माणसं जोडली पाहिजेत या कसोटीला टॉलस्टॉय इतका चिकटला की स्वतःचंही बहुतेक लेखन त्यानं वाईट कलेत टाकलं. फडके-खांडेकरांचा 'कलेसाठी कला की जीवनासाठी' हा वाद तर आपल्या घरचाच.

मला या सगळ्यांत 'नाट्यशास्त्र' सांगणारा भरतमुनी जवळचा वाटतो. नाट्यातून लोकांना उपदेश मिळतो, हे तो नाकारत नाही. पण तिथेच सांगतो, की दुःखार्त, श्रमार्त, शोकार्त अशांना हे नाट्य विश्रांती देईल. श्रमार्त! हा शब्द वाचला की मला माझे वडील दिसतात. गिरणीतली पाळी संपवून, केसांत कापसाची तूस तशीच घेऊन ते कामगार रंगभूमीच्या नाटकाला जाऊन बसायचे. घरी आल्यावर त्यांनी संदेश कधीच सांगितला नाही. प्रवेश मात्र करून दाखवायचे, आई हसेपर्यंत.

कुणी म्हणेल, याच गिरणगावात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर संदेशच दिला ना? दिला, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तो त्यांच्या जगण्यातून आला होता आणि त्या वेळच्या सरकारला तो नकोच होता. असा रकाना तेव्हा असता, तर पहिला अर्ज त्यांचाच फेटाळला गेला असता.

परवा गच्चीवर तालीम चालू असताना शेजारच्या आजी येऊन बसल्या. शेवटी म्हणाल्या, "पितळी डबा धाकटीला द्यायला हवा होता गं." मग बराच वेळ उठल्याच नाहीत. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. सवलतीच्या अर्जांतून हा रकाना काढावा. आणि पालिका शाळांची सभागृहं संध्याकाळी वीजबिलापुरत्या भाड्यात तालमींना मिळावीत, यासाठी आपण महापालिकेशी बोलावं. पालिका आपल्या खात्यात येत नाही, हे मला माहीत आहे. पण १९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात मराठी प्रायोगिक रंगभूमी वाढली, ती शाळेनं दार उघडलं म्हणून.

आम्ही गच्चीवर रात्री साडेदहापर्यंत असतो. पाऊस सुरू झाला की तीही जागा जाईल. त्याआधी एकदा बघायला या.

आपली,
लालबागची एक हौशी रंगकर्मी