ताई, त्या दिवशी तुम्ही टोकलंत म्हणून

ताई, दुकानात येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते.

मी इन्स्टावर इरकल आणि खण विकायला लागले तेव्हा फोटो छान यायचे, लाइक पण यायचे आणि खाली मी लिहायचे न्यू कलेक्शन, लिमिटेड स्टॉक, किमतीसाठी डीएम करा, आणि पुढे हॅशटॅगची रांग. ऑर्डर मात्र ओळखीच्यांच्याच. त्यात एकीने साडी परत पाठवते म्हणून फोन केला, पदराला जोड आहे, खराब माल दिलात म्हणे. मी तेव्हा तुमच्याकडे फॉल-पिकोला साड्या द्यायला आले होते, तिथेच उभी राहून तिला समजावत होते की अहो ती खोट नाहीये, इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा, विणणारे ते दोन्ही फासे घालून एकमेकांत अडकवतात, त्याला कोंडी म्हणतात, इरकलीची ओळखच ती. तिला पटलं, साडी ठेवली तिने. मी फोन ठेवला आणि तुम्ही मशीन थांबवून म्हणालात, "हे तोंडाने एवढं सांगतेस, मग फोटोखाली का नाही लिहीत?"

बस, तिथून सगळं बदललं.

मग रोज दुपारी मी कॅप्शन वाचून दाखवायचे आणि तुम्ही गिऱ्हाईक होऊन विचारायचात, रंग जातो का, ब्लाऊजपीस आतच आहे का, किंमत का लपवतेस. खणाखाली "पन्हा ३० इंच, लांब बाह्या हव्या असतील तर मीटरच्या वर घ्या" हे तुमचंच वाक्य आहे, इतकी वर्षं ब्लाऊज शिवणारीलाच ते सुचणार. कॅप्शनमध्ये २२०० अक्षरं मावतात पण स्क्रोल करताना पहिली एक-दोन ओळच दिसते, हे मी सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणालात मग मोठेपणा शेवटी, कामाचं आधी.

आणि तो "प्युअर सिल्क" म्हणून आलेला माल! तुम्ही पदराचा धागा जाळून वास घ्यायला लावलात, खरं रेशीम जळल्या केसासारखं वास मारतं, हा तर कागदासारखा जळला. मला रडू आलं होतं कारण पैसे अडकले होते. तुम्ही शेजारी बसून लिहून घेतलंत, "पदर आर्ट सिल्कचा आहे, रेशमाचा नाही, म्हणून किंमत कमी. रोज नेसायला उत्तम." मला वाटलं आता कोण घेणार, पण आठवड्यात सगळ्या गेल्या, आणि त्यातल्या दोघी आता माझ्या नेहमीच्या झाल्यात.

ताई, तुम्ही यातला एक रुपया घेतला नाहीत, शिलाईत पण सूट दिलीत वर. गुरुवारी नवीन गठ्ठा येतोय, त्यातली डाळिंबी रंगाची इरकल तुमची. तिचा फोटो मी टाकणारच नाहीये.