१२५ वर्षांच्या आजी आणि जन्माची नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘१२५ वर्षांच्या आजी’ अशा बातम्या छापताना जन्माची नोंद तपासावी, यासाठी हे पत्र. माणसाच्या आयुष्याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे का, याची चर्चा बहुधा पेशींपाशी येऊन थांबते. काचपात्रात वाढवलेल्या मानवी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे जीवशास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. पण त्यावरून माणूस किती वर्षे जगेल हा आकडा निघत नाही. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी तर जन्मानंतर विभागतच नाहीत. आकडा काढायचा तो मृत्यूच्या नोंदींवरूनच, आणि खरी अडचण तिथे आहे.

तिशीनंतर मृत्यूची जोखीम दर आठ वर्षांनी जवळपास दुप्पट होते. इटलीतल्या १०५ पार केलेल्या ३,८३६ जणांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये असे मांडले गेले, की त्या वयानंतर हा चढ थांबतो आणि दरवर्षी सुमारे निम्मे जातात. हेच प्रमाण पुढे धरले, तर ११० वर्षांच्या १,०२४ जणांतून एक १२० गाठेल. १२२ गाठायला ४,०९६ जण हवेत. १९९७ मध्ये वारलेल्या फ्रान्सच्या झान काल्माँ १२२ वर्षे १६४ दिवस जगल्या. तो विक्रम अजून टिकून आहे, म्हणून पुढे भिंतच आहे असे ठरत नाही.

मात्र १०५ नंतर जोखमीचा चढ थांबलेला दिसतो तो चुकीच्या वयांमुळेही दिसू शकतो, हा आक्षेप वजनदार आहे. सत्तरीतल्या काही जणांचे वय नोंदीत चुकून नव्वद लागले, तर मृत्यूची जोखीम त्यांना सत्तरीचीच राहते. खरे नव्वदीचे लोक भराभर गळतात, हे मागे उरतात. एकशेदहाच्या रांगेत मग चुकीच्याच नोंदी जास्त. जपानमध्ये २०१० साली कागदोपत्री शंभरी ओलांडलेले दोन लाखांहून अधिक लोक प्रत्यक्षात सापडलेच नाहीत.

आपल्याकडे तर शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख घरोघरी आहे. आधार कार्डावरचे साल म्हणजे वयाचा पुरावा नव्हे. जन्माच्या सुमाराची नोंद हवी: गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही असलेले कोतवाल बुक, किंवा ते नसेल तर निदान लहानपणीचे शाळेचे जनरल रजिस्टर. कोतवाल बुकात पुष्कळदा बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच असते. ती नोंद लहानपणी गेलेल्या थोरल्या बहिणीचीही असू शकते. म्हणून सगळ्या भावंडांच्या नोंदी क्रमाने लावून पाहाव्या लागतात. बाईंचे माहेरचे नाव ठाऊक नसेल तर शोध तिथेच खुंटतो. जुन्या नोंदीतल्या शक सालावरून इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, पण पौष ते फाल्गुनातल्या जन्माला बहुधा ७९. इथे एक वर्ष सहज चुकते.

सर्वांत सोपी चाचणी थोरल्या अपत्याच्या वयाची. आजी १२५ वर्षांच्या आणि थोरला मुलगा ६८ चा, तर पहिले बाळंतपण ५७ व्या वर्षी झाले असे मानावे लागेल. बातमी घेताना वार्ताहराने एवढे जरूर विचारावे.

शिवाय ‘पूर्ण’ आणि ‘चालू’ वर्षांची गल्लत टाळावी. महर्षी कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, निधन ९ नोव्हेंबर १९६२ चे. वय पूर्ण १०४, चालू १०५ वे. ज्यांची शंभरी कागदांवर इतकी स्वच्छ उतरली आहे, त्यांच्या रांगेत पुराव्याविना १२५ छापणे बरे नाही. आपल्या अंकात अशी बातमी येईल तेव्हा जन्माची नोंद कुठली, याची एक ओळ सोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
लोकसंख्याशास्त्राचा एक अभ्यासक
कर्वेनगर, पुणे