म्हशींच्या डॉक्टरांना, एका मांजरीच्या घरातून

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू नका, असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. तुम्ही ओळखालच, आणि आमच्या गल्लीतले चार जणही ओळखतील. वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे, तरी मी अहो-जाहोच करणार. अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं मी. कुणाला कुठल्या गोष्टीबद्दल मान द्यायचा, हे आता कळतं.

ठकीला जाऊन आज महिना झाला. तेव्हाच लिहायला बसले होते, पण हात चालला नाही.

ती 2010 च्या पावसाळ्यात आली. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री मी दूध आणायला गेले होते. तिथं एका पोत्याखाली मांजराचं मुठीएवढं पिल्लू थरथरत होतं, ते पदराखाली घालून आणलं. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी जामदार क्लब ओलांडून वर यायला लागलं, तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बहिणीकडं राजारामपुरीत गेलो. एका हातात कागदपत्रांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ठकीची टोपली. हे गेल्यानंतर घरात बोलायला तीच होती. हे सांगायचं कारण एवढंच, की मी दवाखान्याची पायरी चढले ती काही हौस म्हणून चढले नव्हते.

गेल्या वर्षी मे महिन्यात ती फार पाणी प्यायला लागली. वाटी संपायची, मग मोरीतल्या बादलीवर चढायची. मला वाटलं, उन्हाळा आहे. पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला, केस राठ झाले. म्हणून शहरातल्याच एका दवाखान्यात नेलं. त्या डॉक्टरांनी टोपलीचं झाकण पुरतं उघडलंही नाही. "वय किती? चौदा? मग आता असंच चालायचं." एक इंजेक्शन, टॉनिकची बाटली, पैसे. वजन केलं नाही. पाण्याचं मी दोनदा सांगितलं, ते ऐकलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या वेळी ती मागचा पाय ओढत होती. दुखण्यावरचे थेंब दिले, रोज द्यायचे, किती दिवस ते सांगितलं नाही. रक्त तपासायचं का, असं विचारलं, तर म्हणाले, "मांजराचं रक्त कुठं काढत बसताय या वयात?" तिसऱ्या वेळी तिनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं, उलट्या होत होत्या, तोंडाला उग्र वास येत होता. डॉक्टर फोनवर बोलत होते. फोन कानाला तसाच धरून मला म्हणाले, "झोपेचं इंजेक्शन देऊन मोकळं करा तिला. उद्या सकाळी आणा."

त्या रस्त्यानं घरी आले कशी, ते मला आठवत नाही. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "काय झालं ओ काकू?"

त्यांच्याकडं गर्दी होती, हे मी पाहिलंय. माणूस थकतो, हेही मान्य. पण तीन खेपांत एकदाही त्या जिवाला तपासायला म्हणून हात लागला नाही, आणि मला त्याचंच दुःख आहे. ठकी मरणारच होती हो कधीतरी. तिला काय झालंय, हे न बघताच तिचा निकाल लावला गेला.

त्याच संध्याकाळी तुम्ही शेजारच्या गवळीदादांच्या म्हशीला बघायला आला होतात. म्हशीची कास सुजली होती. मी पायरीवर टोपली घेऊन बसले होते. एका बाईंनी मला तापाची गोळी अर्धी करून दिली होती, "पाण्यातनं घाला, कळ तरी थांबेल." ती माझ्या हातातच होती. तुम्ही म्हशीचं उरकून, हात धुऊन निघालात, आणि माझ्याकडं बघून थांबलात.

"बाई, काय झालं?"

मी सांगायला लागले. गोळीचं नाव ऐकलं तशी तुम्ही ती माझ्या हातातनं काढूनच घेतलीत. "पॅरासिटामॉल मांजराला विष हाय. माणसाचं लिव्हर ते पचवतं, मांजराचं न्हाई. रक्तातनं ऑक्सिजनच पोचत न्हाई मग." नंतर कळलं की एका गोळीनंही मांजर दगावतं. डॉक्टर, पाच मिनिटं उशीर झाला असता, तर ठकी माझ्या हातानं गेली असती. ते मला आजही रात्री आठवतं.

मग तुम्ही जे बोललात, त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही म्हणालात, "बाई, खरं सांगू का, मी म्हशींचा डॉक्टर. मांजरातलं मला जास्त कळत न्हाई. पण बघतो की."

आणि तुम्ही बघितलंत. आमच्या सोप्यात फरशीवर मांडी घालून बसलात. तिला ओढून बाहेर काढलं नाहीत, टोपली आडवी करून ठेवलीत आणि ती आपणहून येईपर्यंत गप्प राहिलात. चांगली दहा मिनिटं गेली असतील. मानेची कातडी चिमटीत धरून सोडलीत, ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपलंय, असं तुम्ही मला दाखवून दिलंत. हिरड्या बघितल्या, पांढऱ्या पडल्या होत्या. पोटाखाली दोन्ही हात घालून हळूहळू चाचपत राहिलात आणि तुमचा चेहरा बदलला. "म्हशीची मूत्रपिंडं अशी वरनं हाताला लागत न्हाईत. मांजराची लागतात, कॉलेजात शिकवलं होतं. हिची लहान आणि टणक लागताहेत."

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली तुमची एक मैत्रीण पुण्यात कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करते. तुम्ही तिथल्या तिथं थेंबांच्या बाटलीचा फोटो तिला पाठवलात. दोन मिनिटांत फोन आला, "पहिल्यांदा ते थेंब बंद करा." ज्याची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत आणि अंगात पाणी नाही, त्या मांजराच्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा ते औषध आणखी कमी करतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी ते आठ दिवस, वेळ न चुकवता, देत होते.

तुम्ही पुढच्या पायातनं रक्त काढलंत, मी तिचं डोकं धरलं. मूत्रपिंडं किती काम करतात ते ज्यावरनं कळतं, ते रक्तातलं क्रिएटिनिन 4.6 आलं. आजाराचा तिसरा टप्पा, असं तुमच्या पुण्याच्या मॅडम म्हणाल्या. मूत्रपिंडांचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम थांबतं, तोवर हा आकडा वर सरकतच नाही, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे ते बादलीवर चढून पाणी पिणं हीच तिची तक्रार होती. घरात दहा वर्षांवरचं मांजर असेल आणि ते एकाएकी पाणी जास्त प्यायला लागलं, तर त्याची रक्त-लघवी तपासून घ्या. ही ओळ तेवढी मी वाचणाऱ्यांसाठी लिहितेय, डॉक्टर, तुम्हाला ती माहीतच आहे.

सलाईन द्यायला तुम्ही मला शिकवलंत. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीचा तंबू करायचा, सुई आडवी घालायची. दिवसाआड शंभर मिली. पहिल्या वेळी माझा हात इतका कापत होता, की सुई कातडीच्या आरपार गेली आणि सगळं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. तुम्ही म्हणालात, "हुतंय बाई, माझंबी पहिल्यांदा असंच झालं हुतं." दुसऱ्या वेळी जमलं. पाठीवर उंटासारखा फुगा यायचा, तो तासाभरात पुढच्या पायाकडं उतरायचा. ठकी तेवढा वेळ माझ्या मांडीवर फुगा घेऊन, रागानं, पण बसायची.

चौथ्या दिवशी तिनं कोंबडीचं पाणी चाटलं. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही करवीर तालुक्यातल्या कुठल्यातरी गोठ्यात होतात, मागं म्हैस ओरडत होती. "खाल्लं? भले!" असं तुम्ही इतक्या मोठ्यानं ओरडलात, की मला रडूच आलं.

त्यानंतर ती आठ महिने जगली. मे महिन्यात ते आठ महिने कुणाच्या हिशेबातच नव्हते. किराणा दुकानातल्या काट्यावर दर रविवारी वजन करायचे मी, 2.7 वरून 3.1 किलोपर्यंत गेलं. गणपतीत ती आरासाच्या मखमलीवर झोपली. दिवाळीत तुळशी वृंदावनाच्या कठड्यावर उन्हाला बसायची, चौदा वर्षं बसत होती तशीच. फेब्रुवारीत पुन्हा खाणं सुटलं. या वेळी तुम्ही आलात, तपासलंत, तिच्याजवळ बसून राहिलात आणि मग म्हणालात, "बाई, आता तिला त्रास व्हायला लागलाय." इंजेक्शन या खेपेसही होतंच. पण तिचं डोकं माझ्या हातात होतं, तुमचा हात तिच्या पाठीवर होता, आणि घाई कुणालाच नव्हती.

तुम्ही लॅबचे आणि सलाईनचे सोडून एक रुपया घेतला नाहीत. चहा आणि पोहे, एवढंच. पुण्याच्या मॅडमना मी कधी पाहिलं नाही, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

सलाईनच्या सहा बाटल्या सीलबंद राहिल्यात, सुयांचं एक पाकीटही. मुदत अजून वर्षभराची आहे, मी चष्मा लावून वाचलीय. गवळीदादा सांगत होते, त्यांची दुसरी म्हैस येत्या आठवड्यात विणार आहे, तेव्हा तुम्ही येणारच. गोठ्यातलं उरकलं की इकडं या. बाटल्या सोप्यातल्या फडताळात, खालच्या कप्प्यात ठेवल्यात. पोहे टाकते.

तुमची,
गवळ्यांच्या शेजारच्या बाई
गंगावेस, कोल्हापूर