लाखाचा कॅमेरा नको, ट्रिगर हवा

महोदय,

फुटणाऱ्या फुग्याचा किंवा उसळलेल्या थेंबाचा फोटो म्हणजे लाखाचा कॅमेरा हवाच, हा समज शाळांमधून जायला हवा, म्हणून हे पत्र. प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून नोकरी झाली, आणि हा प्रयोग मी मुलांकडून करून घेतलेला आहे.

तो क्षण कॅमेरा पकडत नाही, फ्लॅश पकडतो. खोलीत काळोख करायचा, कॅमेऱ्याचे शटर बल्ब मोडवर (बटण दाबलेले असेल तोवर उघडे राहणारे) उघडे ठेवायचे आणि वेळ साधून फ्लॅश उडवायचा. बाजारातला साधा फ्लॅश सर्वांत कमी पॉवरवर सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास चमकतो. अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला आणि १९६४ साली सफरचंदातून आरपार जाणारी गोळी. गोळीच्या फोटोत फ्लॅश उडवला होता आवाजाने.

तेच काम आज ट्रिगर किट, म्हणजे नेमक्या क्षणी फ्लॅश उडवणारे छोटे सर्किट, करते. कंडेन्सर माइक, छोटा अँप्लिफायर, एक थायरिस्टर (विजेच्या इशाऱ्याने चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि बॅटरी. आवाज झाला की थायरिस्टर चालू, फ्लॅश उडाला. हे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

खरी गंमत माइकच्या जागेत आहे. पाण्याने भरलेला फुगा टांगून टाचणी लावा. माइक अगदी जवळ असेल तर फोटोत रबर अजून फाटताना दिसते. माइक थोडा थोडा मागे नेत गेले, की रबर गेलेले आणि पाणी मात्र फुग्याच्याच आकारात अधांतरी, वर टाचणी धरलेली दोन बोटे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद. मुले फूटपट्टीने मिलिसेकंद मोजतात! ध्वनीच्या वेगाचे गणित मग फळ्यावर वेगळे समजवावे लागत नाही. थेंबासाठी माइकऐवजी, थेंब सुटला की तो ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर लावायचा. २० सेंटिमीटर पडायला थेंबाला ०.२ सेकंद लागतात, तेवढा विलंब आर्डुइनोत, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डात, घालायचा.

आणि आर्डुइनो पुष्कळ शाळांत आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळेसाठी, शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळालेले आहे. पण मी पाहिलेल्या विज्ञान प्रदर्शनांत तो आर्डुइनो वर्षानुवर्षे कचराकुंडीचे झाकण उघडण्यातच गुंतलेला असतो, याचे फार वाईट वाटते. तालुका पातळीच्या प्रदर्शनात एका टेबलावर तरी फुगा, माइक आणि फूटपट्टी दिसावी. फ्लॅश शाळेने विकत घ्यायलाच हवा असे नाही. गावातला फोटोग्राफर एखादा दिवस आनंदाने देतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत या सर्किटची आकृती छापावी, ही विनंती. मी ती काढून, भागांच्या यादीसह पाठवतो. सोबत दोन सूचना मात्र ठळक अक्षरांत हव्यात. फ्लॅश कुणीही उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि फ्लॅश बंद केल्यावरही तो टिकून राहतो. जुन्या फ्लॅशच्या सिंक टोकांवरही (जिथे ट्रिगर जोडतात) दोनशेच्या वर व्होल्ट असू शकतात, तेव्हा आर्डुइनो थेट जोडू नये. मध्ये त्या दाबाला पुरेल असा ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा देऊन दोन सर्किटे विजेने वेगळी ठेवणारा भाग) हवाच.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, मिरज